तिसऱ्या बाकावरचं वल्हं

एप्रिलच्या शेवटच्या संध्याकाळी दूर उत्तरेकडच्या हाउकिनिएमी गावाने सिगारेट सोडली. सगळ्या गावाने नव्हे, गावाच्या लांब नावेने. पण त्या काठावर या दोन गोष्टींत फारसा फरक कुणी करत नसे.

ही नाव एके काळी दर रविवारी अख्ख्या वस्तीला सरोवरापलीकडच्या चर्चला न्यायची. आता चर्चला मोटारी जातात आणि नाव जाते जुलैतल्या शर्यतीला, मोठ्या बेटाला वळसा घालायला. सात बाक, चौदा वल्ही, आणि सुकाणूवर सिर्क्काबाई. बाई शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण चौदांतल्या नऊ जणांना त्यांनीच पाढे शिकवले होते. नावेत बसल्यावर बाकीच्या पाचांनाही आपण त्यांच्याच वर्गात होतो असं वाटायचं.

मागच्या उन्हाळ्यात शेवटच्या वळणावर पलीकडच्या गावच्या बायकांची नाव यांच्या शेजारून सळसळत पुढे गेली होती. जाता जाता त्यांच्यातली एक ओरडली होती, "बाजूला व्हा गं, मासे धुरवायची भट्टी चाललीय!" अख्खं सरोवर हसलं होतं. तो हशा गावाच्या घशात वर्षभर काट्यासारखा अडकून राहिला.

म्हणून त्या संध्याकाळी सगळे वल्हेकरी सौनात, वाफेच्या लाकडी खोलीत, घाम गाळत बसले असताना बाई बाहेरच्या खोलीत आल्या आणि दारातूनच गरजल्या, "ज्याला वल्हं हवंय त्याने आपलं पाकीट चुलीत टाकायचं. आत्ता. एका हातात सिगारेट धरून नाव चालत नाही!"

मग एकेक ओला हात दाराबाहेर येऊन कपड्यांच्या खिशात चाचपडू लागला आणि पाकिटं चुलीत पडू लागली.

तिसऱ्या बाकावरच्या इल्पोची पाळी आली तेव्हा त्याच्या शेजारी बसणारा पेंत्ती हळूच म्हणाला, "तू नको रे. तुला सवलत आहे. तुझं जरा वेगळं."

पेंत्ती मनाने वाईट नव्हता. पण सवलत या शब्दाने इल्पोच्या पाठीवरून थंड पाण्याची धार गेली. त्याने आयुष्यभर सवलतच खाल्ली होती. विसाव्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया झाला. तेव्हापासून सैन्यातून सवलत, कामातून सवलत, लग्नात नाचण्यातून सवलत. सवलत नव्हती ती एका जागी, नावेत. चौदापैकी एक वल्हं पाण्याला लागलं नाही तर नाव वाकडी होते, मग ते कुणाचंही असो. सरोवराला माणसाची फाइल वाचता येत नाही.

तो उठला आणि आपलं पाकीट स्वतःच्या हाताने निखाऱ्यांवर ठेवलं. दिवसाला तीस ओढणारा माणूस तो. इस्पितळाच्या त्या लांब वर्षांत माणसासारखं बोलायची एकच जागा होती, धूम्रपानाची खोली. तिथे ही सवय त्याच्या अंगाला चिकटली होती.

पाकीट पेटलं. पेंत्ती म्हणाला, "सैतानाच्या लेका!" त्यात कौतुक होतं.

सिगारेट गेली की हात रिकामा राहतो. हाउकिनिएमीच्या माणसांनी रिकाम्या हाताला जे द्यायचं तेच दिलं, कॉफीचा कप. नावेच्या शेडमध्ये किटली सकाळपासून तापत राहिली. तलफ आली की कप, चिडचिड झाली की कप, सरावाआधी कप, सरावानंतर दोन. "झोप येत नाही बुवा," अशी तक्रार चौदापैकी तेरा जण करू लागले.

चौदाव्याला मात्र झोप आवरेना.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बर्चच्या झाडांची पानं उंदराच्या कानाएवढी झाली, तेव्हा इल्पोची उशी सकाळी ओली सापडू लागली. झोपेत लाळ गळायची. या औषधाने ती थोडी गळतेच, पण इतकी कधीच नाही. उठलं की डोकं लोकरीने भरल्यासारखं व्हायचं. खुर्चीतून उभं राहताना जमीन हलायची. आणि नावेत त्याचं वल्हं उशिरा पडू लागलं. अर्ध्या श्वासाने उशिरा, पण तेवढं पुरेसं होतं. मागच्या बाकाचं वल्हं त्याच्या वल्ह्यावर आदळायचं, लाकडावर लाकूड.

"काय रे इल्पो, आजीबाईंचं वल्हं घेऊन आलास का?" पेंत्तीने पहिल्या दिवशी थट्टा केली.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "उठवा रे त्याला, काठ आला!"

तिसऱ्या दिवशी पेंत्ती काहीच बोलला नाही. चौथ्या दिवशी नावेत कुणीच काही बोललं नाही. इल्पोला थट्टा चालायची. थट्टेत माणूस माणसात असतो. ही शांतता त्याच्या ओळखीची होती. लोक आता त्याच्याबद्दल बोलत होते, त्याच्याशी नाही.

बुधवारी सिर्क्काबाई वेलदोड्याचे गोड पाव घेऊन त्याच्या घरी आल्या. बाई पाव घेऊन आल्या की काहीतरी जड बोलायचं असतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"इल्पो," त्या खुर्चीच्या काठावर बसत म्हणाल्या, "मी आडून विचारणार नाही. आवाज परत आलेत का?"

"नाही बाई."

"आले असतील तर तुझी चूक नाही ती."

"नाही आले."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. वर्गात पोरगं गृहपाठ घरी विसरलो म्हणालं की बघायच्या तसं. "पुढच्या शुक्रवारी दुपारपर्यंत शर्यतीसाठी वल्हेकऱ्यांची नावं पाठवायचीत. टपालवाला रेइनो तयार आहे तुझ्या जागी बसायला. तू माझ्याबरोबर सुकाणूपाशी बस, ढोल वाजव. नावेत राहशील."

"ढोल," इल्पो म्हणाला. तीच सवलत नव्या वेषात आली होती.

बाई गेल्यावर तो पायरीवर बसला. शेजारच्या अंगणात झेंड्याचा खांब होता. वाऱ्याने त्याची दोरी खांबावर आपटत होती. टक्. टक् टक्. इल्पोने डोळे मिटले आणि कान देऊन ऐकलं.

या दोरीशी त्याचा जुना हिशेब होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असताना त्याला फार बरं वाटू लागलं होतं, आणि बऱ्या माणसाला गोळ्या कशाला, म्हणून त्याने त्या सोडल्या होत्या. पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्यात ही दोरी त्याच्या नावाने टकटक करू लागली. मग सरोवरावरचे सीगल पक्षी त्याच्याबद्दल बोलू लागले, मोटारींच्या नंबरपट्ट्या त्याला उद्देशून फिरू लागल्या, रेडिओवरचा हवामानाचा अंदाज त्याच्यासाठी निरोप झाला. सगळं जग धार लावल्यासारखं लखलखीत झालं, आणि प्रत्येक धार त्याच्याकडे वळलेली. आठ महिने इस्पितळात गेले.

टक्. टक् टक्.

दोरी होती. नुसती दोरी. वारा दक्षिणेचा होता.

इल्पोने डोळे उघडले. आजार त्याला कळायचा, शेजारचा चावरा कुत्रा कळतो तसा. त्याची पावलं, त्याचा वास, कुंपणाच्या कुठल्या फटीतून तो शिरतो ते. आजार आला की सगळं टोकदार होतं. आत्ता सगळं बोथट होतं, कापसात गुंडाळलेलं. म्हणजे आजार वाढला नव्हता. वाढलं होतं ते औषध. पण गोळ्या तर तेवढ्याच होत्या, मोजून तेवढ्याच!

आत डबा होता, आठवड्याच्या सात कप्प्यांचा. आज रात्रीच्या गोळ्यांतल्या दोन बाजूला ठेवल्या तर? कुणाला कळणार होतं? गुरुवारी डोकं हलकं झालं असतं, वल्हं वेळेवर पडलं असतं. तो डबा हातात घेऊन किती तरी वेळ उभा राहिला. वल्ह्यासाठी त्याचा जीव तुटत होता. पण हाच हात, हाच डबा, आणि 'मला कळतंय' हाच विचार घेऊन तो एकदा आठ महिन्यांच्या वाटेला लागला होता.

त्याने सगळ्या गोळ्या घेतल्या. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. रोजची गोळी घेतली की तो त्यावर पेन्सिलने रेघ मारायचा, वीस वर्षं एकही रेघ चुकली नव्हती. पहिल्यांदा उशी ओली झाली त्या दिवसावर त्याने बोट ठेवलं आणि मागे मागे सरकत गेला. नऊ दिवसांवर बोट थांबलं. सौना. चूल. पाकिटं. पण चांगल्या गोष्टीने माणूस बिघडेल कसा, हे कोडं सुटेना.

शुक्रवारी सकाळी तो बसने दवाखान्यात गेला. रक्त द्यायची तारीख अजून दहा दिवस दूर होती. दर महिन्याला तो रक्त द्यायचा, कारण हे औषध, क्लोझापिन, क्वचित एखाद्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपवून टाकतं. म्हणून डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा लागतो. तूइया नावाची परिचारिका वीस वर्षं त्याच्या दंडातली तीच शीर शोधत आली होती.

"तू आज?" तूइयाने भुवया वर केल्या. "चेहरा का असा? झोपला नाहीस?"

"झोपूनच आहे. दोन आठवडे." त्याने कॅलेंडर तिच्यासमोर ठेवलं. "औषध जास्त होतंय मला. गोळ्या तेवढ्याच आहेत. हिशेब लागत नाही."

"काही बदललंस? नवं औषध? ताप? खाणं?"

"नाही. वाईट काही नाही." तो थांबला. हे तो रक्ताच्या दिवशी सांगणार होता, बंडीच्या खिशातून बक्षीस काढावं तसं. "सिगारेट सोडली मी. सगळी. एकदम."

तूइयाच्या हातातला पेन टेबलावर पडला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि इल्पोला कळेना ती हसतेय की रडतेय.

"तीस! दिवसाला तीस ओढत होतास तू, गाढवा! आणि मला सांगितलं नाहीस?"

"आश्चर्याचा धक्का द्यायचा होता."

"दिलास," तूइया म्हणाली. "आता ऐक. तुझं यकृत हे औषध धुऊन बाहेर टाकतं. सिगारेटच्या धुरातली काजळी काय करते, यकृताला जादा गडी लावून देते. ते गडी भसाभस औषध बाहेर फेकतात. म्हणून तुला इतकी वर्षं मोठा डोस लागायचा. तू धूर बंद केलास, आठ-दहा दिवसांत जादा गडी घरी गेले. औषध मात्र रोज तेवढंच येतंय. मग साचणार नाही तर काय?"

"मग निकोटिनची चघळायची गोळी..."

"तिचा काही उपयोग नाही. निकोटिनचं काम नाही हे, धुराचं आहे." तिने मान वर केली. "आणि सिगारेटऐवजी काय चाललंय?"

"काही नाही. कॉफी."

"किती?"

"नेहमीसारखी."

"इल्पो. आकडा."

"बारा. सरावाच्या दिवशी चौदा कप."

तूइयाने कपाळ टेबलाला टेकलं. "कॉफी त्याच दारातून बाहेर जाते रे! दार एक, गडी कमी, आणि तू त्यात चौदा कप ढकलतोयस. औषधाने बाहेर पडायचं कुठून? या कॉफीवेड्या देशातला माणूस, दुसरं काय!" मग ती गंभीर झाली. "तू आलास म्हणून बरं. हे असंच वाढत गेलं असतं तर झटके आले असते. तू स्वतः गोळ्या कमी नाही ना केल्यास?"

"नाही."

"मनात आलं होतं?"

"आलं होतं."

तूइयाने त्याची बाही वर केली आणि तीच शीर शोधली. या वेळी पेशी मोजायला आणि औषधाची पातळी बघायला, दोन नळ्या. डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. डोस आजपासून एक पायरी खाली, सोमवारी पातळीचा आकडा बघून गरज पडली तर आणखी एक. कॉफी दिवसाला चार कप, रोज तेवढीच. आणि अहवाल येईपर्यंत नावेला हात लावायचा नाही.

सोमवारी आकडा आला. पातळी दुपटीच्या जवळ गेली होती. दुसरी पायरी उतरली.

त्याच संध्याकाळी इल्पो नावेच्या शेडमध्ये गेला. रेइनो टपालवाला तिसऱ्या बाकावर बसून तळवे चोळत होता. इल्पो किटलीजवळ उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर आपल्या औषधाबद्दल बोलला. यकृत, काजळी, गडी, कॉफी, सगळं. कुणी हातातला कप खाली ठेवला नाही, पण कुणी प्यालंही नाही.

"पण ते औषध डोक्यात करतं तरी काय?" पेंत्तीने विचारलं. वीस वर्षं शेजारी बसून त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

इल्पोने नावेच्या कडेवर हात ठेवला. "हे बघ. वल्हं कशात बसतं? खुंट्यात. डोक्यात पण असे खुंटे असतात, त्यांत डोपामिन नावाचं वल्हं बसतं आणि फटका मारतं. फटका बसला की डोकं म्हणतं, बघ, हे महत्त्वाचं. माझ्या डोक्यात वल्ही जास्त पडतात. दोरी हलली, फटका. सीगल ओरडला, फटका. सगळंच महत्त्वाचं, सगळंच माझ्यासाठी. औषध काय करतं, काही खुंट्यांत स्वतः जाऊन बसतं. मग जादा वल्ह्यांना जागा मिळत नाही."

"मग नाव चालते कशी?"

"पहिल्या गोळ्यांनी नव्हतीच चालत. त्या खुंट्यात पाचर ठोकल्यासारख्या बसायच्या. मी फळीसारखा चालायचो, हात थरथरायचे. आठवतं, मी तेव्हा वल्हं धरायचोच नाही? हे औषध हलकं बसतं आणि वेळेवर उठतं. जागा अडवतं, पण ताल सोडत नाही. निदान डॉक्टर तसं समजतात. पूर्ण कुणालाच कळलेलं नाही अजून."



मग पेंत्तीचं तोंड उजळलं. "अरे मग सोपं आहे की! तू ओढ सिगारेट! गडी परत कामावर, डोस जुना, गुरुवारच्या शेवटच्या सरावापर्यंत तू ठणठणीत. गावासाठी ओढ! आम्ही तेरा जण तुझ्या वाटची सोडतो!" आणि बंडीच्या आतल्या खिशातून त्याने पाकीट काढून पुढे केलं.

"पेंत्ती," सिर्क्काबाई म्हणाल्या, "ते पाकीट तुझ्या खिशात काय करतंय?"

सगळे हसले. पेंत्ती कानापर्यंत लाल झाला, पण हात त्याने मागे घेतला नाही. आणि बाईंनीही, इल्पोने बघितलं, त्या पाकिटाकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"नको," इल्पो म्हणाला. "मी सोडलीय. मला गुरुवार द्या. गुरुवारी वल्हं उशिरा पडलं तर रेइनोचं नाव लिहा, मी स्वतः टाळी वाजवीन. पण ढोल वाजवणार नाही."

बाईंनी रेइनोकडे बघितलं. रेइनोने खांदे उडवले. "मला काय, मी टपालाची वाट बघायला शिकलेला माणूस."

"गुरुवार," बाई म्हणाल्या.

बुधवारी सकाळी त्याची उशी कोरडी होती. त्याने ती दोनदा चाचपली. कॉफीचा पहिला कप प्यायला, खुर्चीतून उठला. जमीन जागच्या जागी होती. तूइयाने फोनवर रक्तदाबाचे आकडे विचारून घेतले आणि सरावाला होकार दिला.

गुरुवारी संध्याकाळी सरोवर काचेसारखं पडलं होतं. तिसऱ्या बाकाची डावी बाजू इल्पोची. त्याने वल्हं खुंट्यात ठेवलं, तळव्याने त्याचा दांडा चोळला, आणि समोर सुकाणूवर बसलेल्या बाईंकडे बघितलं. बाईंनी नेहमीचा एक-दोन न मोजता जुनी हाळी घातली. त्यांची आई चर्चच्या वाटेवर घालायची ती:

"पाणी कापा, पाणी जोडा,
कालचा काठ मागं सोडा!"

आणि तेरा आवाजांनी, मग चौदाव्याने, ओढत्या श्वासावर उत्तर दिलं:

"मागं सोडा, मागं सोडा!"

पहिले शंभर फटके इल्पो घाबरून मोजत राहिला. मग मोजायचं विसरला. पाठ जात होती, येत होती. पाय फळीला रेटत होते. वल्हं पाण्यात शिरताना त्याचा आवाज वेगळा उरत नव्हता. चौदा वल्ह्यांचा मिळून एकच आवाज होत होता, मोठ्या माशाने शेपूट मारल्यासारखा. काठावरच्या कुणाच्या तरी झेंड्याची दोरी वाजत असेल तर तिला खुशाल वाजू दे. तिचं तिच्यापाशी.

बेटाच्या टोकाला वळण घेताना लाकडावर लाकूड आदळलं. खण्!

बाईंची नजर तिसऱ्या बाकावर गेली.

"कोण उशिरा?" बाई ओरडल्या.

"मी," पेंत्ती धापा टाकत म्हणाला. त्याच्या बंडीला ताज्या धुराचा वास येत होता. "दम... लागला... सैतान घेऊन जावो!"

"काठावर गेल्यावर बघते तुझ्याकडे! ओढा!"

काठाला लागल्यावर बाईंनी गुडघ्यावर कागद ठेवला आणि सगळ्यांना ऐकू येईल अशी नावं लिहायला सुरुवात केली. पहिला बाक, दुसरा बाक. मग त्या थांबल्या, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचल्यासारखं लिहिलं, "तिसरा बाक, डावी बाजू. इल्पो कार्ना." जरा थांबून, "तिसरा बाक, उजवी बाजू. रेइनो, किंवा पेंत्ती, त्याच्या खिशावर अवलंबून."

पेंत्तीने पाकीट काढलं, चुरगळलं आणि सौनाच्या चुलीकडे चालू लागला. जाताना इल्पोच्या खांद्यावर एक गुद्दा मारून गेला, दुखेल इतका जोरात. कित्येक आठवड्यांत कुणी त्याला असं मारलं नव्हतं.

सौनानंतर, आठ वाजता, सगळे पायरीवर वाफाळत बसले होते. सूर्य अजून वरच होता. इल्पोने बंडीतून डबा काढला. इतकी वर्षं तो या वेळी कोपऱ्यात जायचा, पाठ करून, काहीतरी शोधल्यासारखं. आज तो तिथेच बसला. गुरुवारचा कप्पा उघडला. आठवड्यापूर्वीपेक्षा कमी गोळ्या होत्या, त्याने तळव्यावर घेतल्या.

"पाणी?" पेंत्तीने भांडं पुढे केलं.

"दे."

"एवढ्याच?"

"एवढ्याच लागतात आता," इल्पो म्हणाला, आणि सगळ्यांच्या देखत गिळल्या.